बियाण्याची पिशवी आणि शाळेतले यंत्र

जून महिना लागला की लोणार तालुक्यातील बीबी गावचा शेतकरी सोयाबीनचे बियाणे घ्यायला निघतो. दुकानात तो पिशवी उलटीपालटी करून पाहतो. लेबल आहे का, लॉट नंबर काय, उगवण किती लिहिली आहे, हे वाचतो. सोयाबीनची उगवण निदान ७० टक्के हवी, असा दंडकच आहे. पावती तो जपून ठेवतो, पिशवीत मूठभर बीही राखतो. कारण बी उगवले नाही, तर कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, शेतात पंचनामा होतो. बियाण्यांचा कायदा झाला १९६६ साली. आता ही शिस्त अंगवळणी पडली आहे.

त्याच शेतकऱ्याची मुलगी ज्या सरकारी शाळेत जाते, तशा शाळांच्या दाराशी एक नवी वस्तू आली आहे. ती म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने. मूल मोठ्याने वाचते, यंत्र त्याला गुण देते. गणित कुठे चुकले ते सांगते. शिक्षकाला प्रश्नपत्रिका काढून देते. वस्तू कामाची आहे, यात शंका नाही. एकाच गुरुजींच्या गळ्यात दोन-दोन वर्ग पडले, तर त्यांना मदत हवीच की! पण या वस्तूची पिशवी उलटून पाहायची कोणी, आणि तिच्यावर लेबल कोणते हवे?

पहिली गोष्ट भाषेची. ही बुद्धिमत्ता म्हणजे जादू नव्हे. पुष्कळ नमुने पाहून यंत्र ठोकताळे बांधते, इतकेच. आपल्या भागातले पोर घरी ‘मले’, ‘तुले’ म्हणते. पुस्तक वाचतानाही त्याचा हेल वऱ्हाडीच राहतो. असे आवाज यंत्राला कधी ऐकवलेच नसतील, तर चांगले वाचणारे मूलही त्याला कच्चे वाटेल. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून कंपनीने लिहून द्यावे : कोणत्या भागातल्या, किती मुलांवर चाचणी घेतली, आणि शंभरात किती वेळा यंत्र चुकले? हीच त्याची उगवणशक्ती.

दुसरी गोष्ट मुलांच्या माहितीची. नाव, आवाज, गुण, चुका, हे सारे कंपनीकडे साठत जाते. ‘दीक्षा’ हे तर सरकारचेच शैक्षणिक व्यासपीठ. पण तेथील लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती कुलूप नसलेल्या साठ्यात उघडी राहिली होती, हे २०२३ च्या जानेवारीत बाहेर आले. त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती ती मूल. मुलाची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी, मुलांवर रोखलेल्या जाहिराती नकोत, असे त्यात म्हटले आहे. शाळांना काही सूट आहे, पण ती शिक्षणाच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेच्या कामापुरती. कोणाच्या व्यापारासाठी नव्हे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांसाठी दीड वर्षाची मुदत ठेवली गेली. चांगल्या कंपनीने मात्र मुदतीकडे बोट दाखवू नये. ‘फुकट देतो’ म्हणणाऱ्याला तर आधी विचारावे, बाबा, तुझे पोट कशावर चालते?

तिसरी गोष्ट टिकण्याची. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सरकारी शाळांनी २०२४ च्या मार्चमध्ये ‘एड’ नावाचा बोलका मदतनीस मोठ्या थाटात सुरू केला. जूनमध्ये तो बनवणाऱ्या कंपनीने बहुतेक नोकर घरी बसवले. तोवर सुमारे ३० लाख डॉलर देऊन झाले होते! तेव्हा करारातच लिहिलेले असावे : कंपनी बुडाली तर मुलांची माहिती शाळेला परत मिळेल, आणि कंपनीकडची पुसली जाईल.

चौथी गोष्ट, अखेरचा शब्द कोणाचा? इंग्लंडमध्ये २०२० साली साथीमुळे परीक्षा झाल्या नाहीत. बारावीच्या तोडीच्या वर्गाच्या श्रेणी एका गणिती सूत्राने ठरवल्या. शिक्षकांनी सुचवलेल्यांपैकी सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्या. मुले रस्त्यावर उतरली आणि काही दिवसांतच सरकारला शिक्षकांचा अंदाज मान्य करावा लागला. यंत्राने सुचवावे, ठरवावे गुरुजींनी. आणि यंत्र चुकले, तर दाद मागायला कंपनीचा जबाबदार माणूस हवा, तोही मराठी समजणारा.

हे सगळे विचारायचे कोणी? तर तुम्हीच. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि निम्म्या स्त्रिया. पुढच्या बैठकीला जाल, तेव्हा संकोच करू नका. यंत्रातले आपल्याला काय कळते, असे मनात आणू नका. बियाण्याच्या पोटात काय चालते तेही आपल्याला कुठे दिसते? तरी लेबल वाचल्याशिवाय आपण पिशवी उचलत नाही. बी वाया गेले, तर एक हंगाम जातो. मुलाला उगाच कच्चे ठरवले, तर त्याची शाळाच सुटू शकते.