वर्गात गुरुजींच्या हाती मोबाईल: चालेल का?

तास सुरू असताना गुरुजींनी मोबाईल पाहावा का? पांढुर्णा-सौंसरच्या पालकांनी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सरकारी शाळेत मोबाईल नेणं आता गुरुजींच्या मर्जीवर राहिलेलं नाही. मध्य प्रदेशात १ जुलै २०२५ पासून 'हमारे शिक्षक' ॲपवर हजेरी सक्तीची झाली. त्यामुळे सरसकट बंदी घालता येणार नाही.

पण हजेरी लागली की ते काम संपलं. युनेस्कोचा २०२३ चा अहवाल सांगतो, मोबाईलने लक्ष उडालं तर मुलांना पुन्हा अभ्यासात यायला २० मिनिटांपर्यंत लागू शकतात. तास ४० मिनिटांचा असेल, तर अर्धा गेलाच! त्यात आपल्याकडे बऱ्याच लेकरांच्या घरी मराठी अन् पुस्तक हिंदी. गुरुजींनी समजावलं, तरच धडा कळतो.

म्हणून साधा नियम असावा. तासाला मोबाईल सायलेंट करून टेबलावर. 'दीक्षा'वरचा व्हिडिओ साऱ्या वर्गाला दाखवायचा असेल, तरच हातात. वरून मागवलेली माहिती मधल्या सुट्टीत पाठवावी. अधिकाऱ्यांनीही ती तासाच्या वेळी मागू नये. पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडा.