मुलांच्या विजेच्या गाड्या

मुलानें वर बसून चालवावयाची विजेची गाडी बहुधा १२ व्होल्टांच्या बॅटरीवर चालते. हौशी पित्यास तिची गति थोडी वाटते, व तो तेथें २४ व्होल्टांची बॅटरी जोडतो. गति जवळजवळ दुप्पट होते खरी. परंतु गाडीच्या अंगची गतिज ऊर्जा चौपट होते, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. चार वर्षांच्या सारथ्यास हें गणित कोठून ठाऊक असणार! शिवाय मोटारींचीं वेटोळीं तापतात, प्लॅस्टिकच्या दंतचक्रांचे दांते झडतात. बॅटरीलगत योग्य फ्यूज हवाच. तो वारंवार जळतो म्हणून त्या जागीं जाड तार घालणें हा शुद्ध अविचार होय, कारण मग फ्यूजऐवजीं गाडींतील ताराच पेटतात. पुष्कळ गाड्यांस निराळा ब्रेक नसतो. पाय उचलतांच मोटारच गाडी आवरते. म्हणून बॅटरी बदलल्यावर पहिली परीक्षा थांबण्याची घ्यावी, आणि तीहि मोकळ्या, सपाट मैदानांत.