परवडणारे घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

शहरांतली घरटंचाई म्हणजे बेघरांचा प्रश्न, असे सर्रास मानले जाते. केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली शहरी भारतातील तूट सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची असल्याचा अंदाज दिला. त्यात बेघर कुटुंबे साडेपाच लाखांच्या आत होती; सुमारे दीड कोटी कुटुंबे घर असूनही दाटीवाटीने राहत होती. २०११ च्या जनगणनेत शहरांतली १ कोटीहून अधिक घरे रिकामीही आढळली. नुसती संख्या वाढवून ही तूट भरत नाही. घर कुठे आहे, कसे आहे आणि कुणाला परवडते, यावर सारे ठरते.

दुसरा समज असा की झोपडीतून पक्क्या इमारतीत गेले की आरोग्य आपोआप सुधारते. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत बहुमजली इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भरदुपारीही दिवा लावावा लागतो. खिडकी उघडली तरी समोर भिंतच. डॉक्टर्स फॉर यू या संस्थेच्या २०१८ मधील पाहणीत या दोन वसाहतींत क्षयरोगाचे प्रमाण जवळच्याच, अधिक मोकळ्या पीएमजी कॉलनीपेक्षा जास्त आढळले. क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या हवेत टिकतात. वारा आणि ऊन त्यांना हटवतात. घर लहान असणे हा त्यातला मुख्य दोष नव्हे. हवा-उजेडासाठी सोडायची जागाच नियम शिथिल करून कमी केली गेली, हा खरा अन्याय.

उंच बांधले की घर स्वस्त पडते, हेही अर्धसत्य आहे. जमिनीचा खर्च विभागला जातो, पण लिफ्ट, पंप, अग्निशमन आणि जिने-मार्गिकांची जागा यांचा भार वाढतो. घर फुकट मिळाले तरी महिन्याचा देखभाल खर्च सुटत नाही, आणि लिफ्ट बंद पडली की वरच्या मजल्यावरचे म्हातारे माणूस घरातच अडकते. शिवाय उंचीच्या प्रमाणात इमारतींमधले अंतर राखले, तर वाचलेली बरीचशी जमीन त्यातच जाते. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी हाच हिशेब मांडून १९८० च्या दशकात नवी मुंबईत बेलापूरला बैठी आणि एकमजली वसाहत रचली : सुमारे साडेपाच हेक्टरांत ५५० च्या आसपास कुटुंबे, मधे सामायिक अंगणे, आणि शेजाऱ्याच्या भिंतीला न चिकटलेली घरे, म्हणजे प्रत्येकाला आपले घर वाढवता यावे.

घर पूर्ण बांधूनच द्यायला हवे, हा समजही तिथेच गळून पडतो. वास्तुरचनाकार बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या आरण्य वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबांना जोते, संडास-न्हाणी आणि पाणी-विजेची जोडणी असलेला लहान भूखंड दिला. कमाई वाढेल तशी खोली, ओटा, जिना किंवा दुकान ज्याने त्याने जोडावे, ही योजना. मोठ्या भूखंडांच्या विक्रीतून गरिबांच्या भूखंडांना हातभार लागला. या वाटेने जाताना वाढीव बांधकाम भक्कम होईल, यावर मात्र लक्ष ठेवावे लागते.

जागा कुठे, हा प्रश्न आराखड्याआधीचा आहे. धुणीभांडी करणारी बाई कामाच्या घरांपासून दोन तास लांब राहायला गेली, तर भाड्यात वाचलेले पैसे प्रवासात जातात आणि सकाळचे एखादे काम हातचे सुटते.