वय झालं म्हणून गप्प बसायचं नाही

“म्हातारीवर कोण हात टाकणार?” असं आपण म्हणतो. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात बलात्कारपीडितांमध्ये साठीपुढच्या बायकाही असतात. त्याही फक्त पोलिसांपर्यंत पोचलेल्या.

बाकीच्या का बोलत नाहीत? करणारा पुष्कळदा ओळखीचा, कधी घरातलाच. त्याच्याच आधारावर दोन घास मिळतात. सुना-नातवंडांपुढे सांगायची लाज. अंगावर वण दिसले तर आपणच म्हणतो, “पडली असेल.”

कायद्याला वयाची अट नाही. तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, जबाब महिला अधिकारी घरी येऊन घेऊ शकते. सरकारी, खासगी दोन्ही दवाखान्यांत प्रथमोपचार मोफत. अंगावरचे कपडे धुऊ नका. १८१ ला फोन करा.

पुढच्या बैठकीत एवढं ठरवा : एकट्या आजीकडे कोण, कधी जाणार?