शवपेटीतली घोषणा : कोरिया, 1964

20 मे 1964 रोजी सोल राष्ट्रीय विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एक शवपेटी खांद्यावर घेतली. अंत्यविधी होता तो ‘राष्ट्रीय लोकशाही’चा, म्हणजे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या लाडक्या घोषणेचा. शोकवचन लिहिणारा विद्यार्थी किम जी-हा पुढे कवी म्हणून गाजला आणि 1974 मध्ये त्याला मृत्युदंडही ठोठावला गेला. ती शिक्षा नंतर सौम्य करण्यात आली.

भांडण जपानशी होऊ घातलेल्या कराराचे होते. 1910 ते 1945 कोरिया जपानच्या टाचेखाली होता. संबंध पूर्ववत करण्याची बोलणी 1951 पासून रखडली होती. पार्क यांना कारखाने उभारायला पैसा हवा होता आणि अमेरिकेलाही ही दिलजमाई हवीच होती. नोव्हेंबर 1962 मध्ये गुप्तचर प्रमुख किम जोंग-पिल यांनी जपानचे परराष्ट्रमंत्री ओहिरा यांच्याशी बंद दाराआड आकडे ठरवले: 30 कोटी डॉलर अनुदान, 20 कोटी सरकारी कर्ज, शिवाय व्यापारी कर्जे. पार्क स्वतः तरुणपणी जपानचे बाहुले राज्य असलेल्या मांचुकुओच्या सैन्यात अधिकारी होते, हे कोण विसरणार?

24 मार्च 1964 ला विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा रोख जपानवर होता. मे महिन्यापर्यंत तो पार्क यांच्यावर वळला. माझ्या मते आंदोलनाचे खरे वजन या वळणात आहे. शेजाऱ्याशी समेट नको, असे बहुतेकांचे म्हणणे नव्हते. देशाचा हिशेब चार माणसांनी परस्पर मिटवू नये, एवढेच होते. 3 जूनला सोलमध्ये लष्करी कायदा लागला, तो जुलैअखेर उठला. 22 जून 1965 ला टोकियोत सह्या झाल्या. 14 ऑगस्टला विरोधकांच्या गैरहजेरीत संसदेने करार मंजूर केला आणि त्याच महिन्यात सैनिक विद्यापीठांत घुसले.

करारात माफीचा शब्द नाही. पैशाला जपानने नुकसानभरपाई म्हटले नाही. दावे मात्र कायमचे मिटले, असे लिहून घेतले. त्याच पैशातून पोहांगचा पोलाद कारखाना उभा राहिला. ते श्रेय पार्क यांना द्यायलाच हवे. पण ज्यांच्या नावावर पैसा आला, त्यांच्या हाती काय पडले? जपानने वेठीवर नेलेल्या मृतांच्या वारसांना 1975 ते 1977 दरम्यान माणशी 3 लाख वॉन मिळाले. जगून परतलेल्यांना त्या वाटपात काहीच नव्हते. मिटलेला म्हणवणारा हिशेब 2018 मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा उघडला आणि वेठबिगारांना भरपाई द्यावी, असा आदेश जपानी पोलाद कंपनीला दिला.

1964 च्या आंदोलनात अटक झालेल्यांत कोरिया विद्यापीठाचा ली म्युंग-बाक हा विद्यार्थी नेता होता. तो 2008 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. जून 2012 मध्ये त्याच्याच मंत्रिमंडळाने जपानशी लष्करी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार गाजावाजा न करता मंजूर केला. बोभाटा झाला आणि ऐन सहीच्या दिवशी तो पुढे ढकलावा लागला. अखेर नोव्हेंबर 2016 मध्ये त्यावर सह्या झाल्या, तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी पार्क चुंग-ही यांची कन्या पार्क ग्युन-हे होत्या.