वीज नाही, इंजिन नाही, तरी फिरणारं जातं : पाणचक्कीतून काय शिकायचं?

शाळेची सहल घेऊन आम्ही सावलीहून निघालो, तेव्हा मुलांच्या यादीत वेरूळ होतं, बीबी का मकबरा होता. पाणचक्की कुणाच्याच यादीत नव्हती. वाटेतच आहे म्हणून अर्धा तास थांबू, असं ठरलं. प्रत्यक्षात दोन तास गेले. आठवीतल्या एका मुलीने जात्याजवळ उभं राहून विचारलं, "सर, याची मोटर कुठे आहे?" मोटर नाही असं सांगितल्यावर तिचा विश्वासच बसेना. हा लेख तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे. आपल्या घरातल्या मुलांनाही हे वाचून दाखवा.

पाणचक्की म्हणजे पाण्यावर चालणारी चक्की. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, खाम नदीच्या काठी महमूद दरवाजाजवळ ती आहे. पण तिची गोष्ट समजायची तर आधी मलिक अंबरपर्यंत जावं लागेल.

मलिक अंबर हबशी. आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, बगदादमार्गे दख्खनला पोहोचला आणि पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी हे गाव राजधानी म्हणून वसवलं. नावाप्रमाणेच खडकाळ जागा. फौज, बाजार, मशिदी, मोहल्ले सगळं उभं करायचं तर पाणी पाहिजे. मलिक अंबरने ते नदीतून उपसलं नाही, तर उत्तरेकडच्या डोंगरांत जमिनीखाली झिरपणारं पाणी गोळा करून भुयारी नहरीने शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. पुढे मोगलांच्या काळात १६५३ नंतर शहराचं नाव औरंगाबाद झालं, वस्ती वाढली आणि त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांपैकीच एक, हर्सूलच्या बाजूने येणारी.

आता मुलांचा नेहमीचा प्रश्न : पंप नसताना पाणी वर कसं चढतं?

घर बांधताना गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन लेव्हल पाहतो, ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. नळी मध्ये कितीही खाली लोंबू द्या, दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येतं. नहरीचं गणित तेच आहे. पाण्याचा उगम डोंगराकडे, उंचावर. तिथून बंद नळातून पाणी खाली येतं आणि शहरात पोहोचल्यावर उगमाच्या पातळीपेक्षा थोडं खालपर्यंत आपोआप वर चढतं. वाटेत घर्षणामुळे थोडा जोर कमी होतो, म्हणून अगदी उगमाइतकं वर जात नाही. मार्गात ठिकठिकाणी उंच मनोरे बांधलेले असत. पाणी त्यात वर चढून पुन्हा खाली उतरे. त्यामुळे नळात कोंडलेली हवा निघून जाई, दाब आटोक्यात राही आणि गाळ खाली बसे. आज आपण ज्याला एअर व्हॉल्व्ह म्हणतो, त्याचं काम चुना-विटांचा मनोरा करत होता.

पाणचक्कीत हे पाणी एका उंच भिंतीत चढवलं आहे. तिथून ते धबधब्यासारखं मशिदीसमोरच्या लांबलचक हौजात पडतं. उंचावरून खाली आणलेल्या याच पाण्याच्या जोरावर लोखंडी पात्यांचं चक्र फिरतं, आणि चक्रासोबत वरचं दगडी जातं. नदीवर धरण नाही, धूर नाही, बैल नाही.

आणखी एक गंमत हौजाखाली आहे. हा हौज जमिनीत खोदलेला नाही. त्याच्याखाली खांब आणि कमानींवर उभं असलेलं मोठं दालन आहे आणि हौज म्हणजे त्या दालनाचं छत! डोक्यावर एवढं पाणी असल्यामुळे उन्हाळ्यात खाली गारवा राहतो. चंद्रपूरच्या उन्हात वाढलेल्या आमच्या मुलांना याचं महत्त्व वेगळं सांगावं लागलं नाही.

हे सगळं कुणासाठी? राजवाड्यासाठी नव्हे. इथे बाबा शाह मुसाफिर यांची दर्गाह आहे. नक्शबंदी सिलसिल्याचे हे बुजुर्ग बुखाऱ्याजवळच्या गुजदवानहून दख्खनला आले. त्यांच्या खानकाहत प्रवासी, फकीर, तालिब-ए-इल्म उतरत. त्यांच्या भाकरीसाठी पीठ लागे, म्हणून ही चक्की. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या पदरी असलेल्या तुर्कताज खानाने ती बांधली आणि हौज व कारंजी जमील बेग खानाने करवली, असं जुन्या नोंदी सांगतात. मशीद, मदरसा, सराय आणि चक्की, सगळं एकाच आवारात. इबादत, इल्म आणि जेवण यांची एकाच ठिकाणी सोय!

मदिनेतली रूमाची विहीर हजरत उस्मान (रजि.) यांनी विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, हे आपण मुलांना सांगतोच. पाणी वक्फ करणं म्हणजे सदका-ए-जारिया. पाणचक्की त्याच विचाराची दगडातली आवृत्ती आहे. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं कार्यालयही याच परिसरात आहे, हा योगायोगही मुलांना सांगण्यासारखा आहे.

पण फोटो काढून परतण्याआधी एक गोष्ट कबूल करायला हवी. शहर वाढलं तशी नहरींच्या वाटेवर घरं आली, रस्ते आले, नळ फुटले, कुठे सांडपाणी मिसळलं. इमारतीला रंग देता येतो, पण डोंगरातला झिरपा आटला किंवा मधला नळ तुटला तर पाणचक्की केवळ भिंत उरते. वारसा म्हणजे दिसणारी कमान तेवढी नाही, जमिनीखाली न दिसणारी वाटही वारसाच आहे. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा अब्दुर्रहीम खानखानाच्या काळातला, साधारण १६१५ चा. डोंगरातलं पाणी कुंड्यांच्या रांगेतून नेणारी तीही अशीच भुयारी व्यवस्था. तिचा जीवही जमिनीखालच्या वाटेतच आहे.

आणि आपलं काय? आपल्या सावली तालुक्यात आसोलामेंढा तलाव आहे, गावोगाव मामा तलाव आहेत. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या या तलावांवर आजही धानाच्या बांधी भिजतात. त्यांना कारंजी नाहीत, म्हणून आपण त्यांना 'ऐतिहासिक' म्हणत नाही. पण पाळ कुठे घालायची, सांडवा कुठे काढायचा हे ज्यांना कळत होतं, तेही इंजिनिअरच होते. आज त्याच तलावांत गाळ साचतो, कडेने अतिक्रमण होतं आणि आपण गप्प बसतो.

सहलीहून आल्यावर आम्ही वर्गात एक बादली, दहा फूट नळी आणि भिंग्रीची पाती घेऊन छोटी पाणचक्की केली. तिसऱ्या प्रयत्नात पाती फिरली. मोटर शोधणारी तीच मुलगी तेव्हा म्हणाली, "सर, बादली अजून वर ठेवा, जोरात फिरेल."

तिला उत्तर सापडलं होतं. या सुट्टीत तुम्हीही घरी करून पाहा. मग जमलं तर मुलांना पाणचक्कीला न्या, आणि नाहीच जमलं तर निदान गावच्या तलावाच्या पाळीवर न्या. हे पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, एवढंच त्यांना विचारा.