दमा : घरगुती उद्दीपके व प्रतिबंध
श्वासनलिकांच्या अस्तराला दीर्घकाल दाहयुक्त सूज राहून त्या किरकोळ कारणानेही आकुंचन पावणे, हे दम्याचे मूळ होय. धाप, घरघर व पहाटेचा खोकला ही लक्षणे येतात व जातात. सूज मात्र मधल्या काळातही टिकून राहू शकते. आनुवंशिक प्रवृत्तीमुळे एका कुटुंबात अनेकांना दमा आढळतो, परंतु प्रत्येकाचे उद्दीपक निराळे असू शकते.

गाजर गवताचा उपद्रव भारतात प्रथम १९५५ च्या सुमारास पुण्यातच लक्षात आला. पावसाळ्यात ते माजते व त्याच्या परागकणांनी काहींना दमा उसळतो. दमट हवेत गाद्यांतील धूलिकीटक व भिंतींवरील बुरशी वाढते. डासांची कॉइल, उदबत्ती, फोडणीचा खाट आणि दिवाळीतील नागगोळीचा धूर हेही त्रासदायक. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी; चादरी सु. ६०° से. तापमानाच्या पाण्यात धुवाव्यात.

श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडाची सवय लागते, हा घरोघरी आढळणारा समज निराधार आहे. त्याची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते व ते मुख्यतः श्वासनलिकांवरच कार्य करते. बरे वाटताच ते परस्पर बंद केल्यास तीव्र झटका येण्याचा धोका वाढतो. रुग्णाला एक वाक्यही सलग बोलता येईनासे झाले किंवा ओठ निळसर दिसू लागले, तर त्याला तात्काळ रुग्णालयात न्यावे.